हौशी कोण, प्रायोजक कोण? : अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा

क्रीडा आणि भांडवल यांच्या संबंधांची चर्चा बहुधा व्यावसायिक खेळाडूंपुरती मर्यादित राहते. हौशी खेळाडूला मिळणारे प्रायोजकत्व मात्र कंपनीचे औदार्य म्हणूनच वर्णिले जाते. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंग, म्हणजे दोन मोटारींनी पाव मैलाचे (सुमारे ४०२ मीटर) सरळ अंतर कापण्याची शर्यत, ही समजूत तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते.

१९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, ती रस्त्यांवरील धोकादायक शर्यतींना शिस्त लावण्यासाठी. १९५७ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींतील सहभाग थांबविण्याचा ठरावही केला. परंतु 'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे सूत्र ठरावापेक्षा प्रबळ ठरले आणि १९६२ मध्ये फोर्ड कंपनीने तो उघडपणे झुगारला.

या दृष्टीने १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट मुळातून अभ्यासण्याजोगी आहे. फेअरलेन या मध्यम आकाराच्या मोटारीत ४२७ घनइंचांचे (सुमारे ७ लिटर) इंजिन बसवून अशा सुमारे १०० गाड्या तयार करण्यात आल्या. वजन घटविण्यासाठी फायबरग्लासचे भाग वापरले गेले. गाडीत एक सूचनापट्टी होती. बाह्य भागांची जुळणी व पृष्ठभागाची सफाई यांबाबत कंपनीचे नेहमीचे निकष या गाडीत पाळलेले नाहीत, हे ग्राहकास ज्ञात असावे, असा तिचा आशय. ही पट्टी प्रामाणिक खरीच, पण तितकीच सूचकही आहे. विजयाचे श्रेय घेताना फोर्डचे नाव पुढे. उणिवांची जाणीव मात्र खरेदीदाराने आधीच ठेवावयाची!

अर्थात हौशी स्पर्धक केवळ बळी ठरला, असे म्हणणे एकांगी होईल. 'रॅमचार्जर्स' हा मुळात क्रायस्लरमधील अभियंत्यांचा हौशी गट होता. कंपनीचे पाठबळ त्यास नंतर लाभले. तेथे छंद आधी होता, बाजार मागाहून आला.

पुढे हा क्रम उलटलेला दिसतो. फोर्डने २००८ मध्ये कोब्रा जेट मस्टँगच्या ५० आणि शेव्हरोलेने २०१२ मध्ये कोपो कॅमेरोच्या ६९ गाड्या केवळ शर्यतपट्टीसाठी काढल्या. त्या रस्त्यावर चालविण्यास परवानगी नव्हती. म्हणजे ज्याला प्रायोजित म्हणावयाचे, तोच येथे कंपनीचा ग्राहक होता.

'कंटिन्जन्सी' या बक्षीसपद्धतीत हा व्यवहार अधिकच स्पष्ट होतो. स्पर्धकाने कंपनीचे उत्पादन वापरावे, तिची चिकटपट्टी गाडीवर लावावी आणि जिंकल्यास, काही योजनांत उपविजेता ठरल्यासही, ठरलेली रक्कम घ्यावी. प्रवेशशुल्क, टायर, इंधन, दूरचा प्रवास, इंजिन फुटल्यास त्याची दुरुस्ती, हा सारा भार त्याच्याच शिरावर. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या गाडीवरची पट्टीही प्रेक्षक तितकीच वाचतात. तिच्यासाठी मात्र कंपनी काहीच देत नाही.