उत्तर बरोबर, प्रश्न दुसऱ्याचा

नातवाच्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी आम्ही महिनाभर सुट्या भागांची परीक्षणं पाहिली. आज त्या परीक्षणांचंच थोडं परीक्षण करू. प्रोसेसर तपासताना ही मंडळी त्याला बाजारातलं जवळजवळ सर्वांत महागडं ग्राफिक्स कार्ड जोडतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम १०८०पी ठेवतात. पद्धत चोख आहे. कार्डच अडखळलं तर दोन प्रोसेसरांतला फरक दिसणार कसा? पण ₹६०,००० मध्ये सगळं बसवणाऱ्या पोराकडे ते कार्ड नसतं. त्याच्याकडे बहुतेक गेममध्ये अडखळतं ते कार्डच, आणि तक्त्यातला तो ठळक फरक पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. म्हणजे उत्तर खरं, पण प्रश्न आपला नव्हे!

आमच्या नातवाने तक्ता पाहून भारी प्रोसेसर घेतला, आणि कार्डाला पैसे पुरले नाहीत. दोन वर्षांची साठवण होती हो ती. आम्हीही शेजारी बसून मान डोलावली होती.

पॉवर सप्लायवरच्या ‘८० प्लस’चंही तसंच. वीज किती वाया जाते एवढंच तो शिक्का सांगतो. शॉर्ट सर्किट झालं तर बाकीचे भाग वाचतील का, हे तो सांगत नाही. तेव्हा तक्ता दिसला, की आधी चाचणीला कोणतं कार्ड लावलं होतं ते शोधा. बहुधा कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतं.