न ऐकणारा गुरु

ज्या वस्तूला पृष्ठें नाहींत, किंमत नाहीं आणि प्रकाशकाचें नांवहि नाहीं, तिचें परीक्षण मासिकाच्या परीक्षणाच्या पानांत करावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनांत प्रथम थोडा संकोच होता. परंतु जिच्यापासून आज असंख्य माणसें विद्या घेत आहेत ती वस्तु परीक्षणास अपात्र मानणें, हा ग्रंथांचा वृथा अभिमान होईल. आमच्यापुढील वस्तु म्हणजे मँडोलिन हें वाद्य नवशिक्यास शिकविण्यासाठीं यूट्यूबवर ठेविलेले व्हिडिओ-पाठ. या पाठांचे विद्यार्थी म्हणून आम्हीं आठ महिने घालविले आहेत. तेव्हां हें परीक्षण विषय न चाळतां लिहिलेलें नाहीं, एवढें तरी वाचकांनीं मान्य करावें. परीक्षकांच्या जातींत हा गुण सार्वत्रिक नाहीं.

गेल्या वर्षीं दीर्घ रजा घेऊन आम्ही बेल्ह्यास वडिलोपार्जित घरीं राहावयास आलों. जुन्नर तालुक्यांतील हें गांव सोमवारच्या बाजारासाठीं, विशेषतः बैलांच्या बाजारासाठीं, सर्वांस ठाऊक आहे. येथें भजन आहे, ढोलकी आहे, आणि तमाशाचें माहेर म्हणून गाजलेलें नारायणगांव फार दूर नाहीं. पण मँडोलिन शिकविणारा मनुष्य मात्र नाहीं. पुण्यास जाऊन शिकावें तर जाण्यायेण्यांतच दिवस संपतो. हे वाद्य कांखेंत घेऊन आम्ही प्रथम ओटीवर बसलों तेव्हां शेजारच्या मुलांनीं, "बेंजो आणला का सर?" म्हणून विचारलें. आमच्याकडे वरातींत वाजतो तो बेंजो निराळा. जपानांत मोरिता गोरो यानें १९१२ सालीं काढलेल्या ताइशोगोतो नांवाच्या कळांच्या वाद्याचा तो वंशज आहे. मँडोलिन हें इटलीचें. चार सुरांच्या आठ तारा, एकेका सुराच्या दोन दोन. मानेवर धातूचे पडदे. उजव्या हातांत नखी. हिंदी सिनेसंगीतानें तें आपल्या कानांच्या परिचयाचें केलें. संगीतकार सज्जाद हुसेन हे त्याचे मोठे वादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील लक्ष्मीकांत कुडाळकर हेहि प्रथम मँडोलिनवादक म्हणूनच पुढें आले.

आतां पाठांकडे वळूं. त्यांचे गुण मोठे आहेत आणि ते आधीं सांगितले पाहिजेत. एकच स्वरावली शंभर वेळां वाजवून दाखवा असें म्हटल्यास हाडामांसाचा गुरु संतापेल. हा गुरु संतापत नाहीं. मध्यरात्रीं उठविला तरी हसतमुखानें पहिल्यापासून सांगूं लागतो. त्याची गति निम्मी केली तरी सूर उतरत नाहीं. जुन्या ग्रामोफोनची तबकडी हळू फिरविली कीं गवयाचा आवाज विहिरींतून आल्यासारखा होई, तसें येथें होत नाहीं. आणखी एक सोय आम्हांस फार महत्त्वाची वाटते. गुरूसमोर बसलेल्या शिष्यास गुरूचा हात आरशांतल्याप्रमाणें उलटा दिसतो. उत्तम पाठांत कॅमेरा गुरूच्या खांद्यावरून पाहतो, त्यामुळें त्याचा डावा हात आपल्याच हाताच्या जागीं दिसतो. बोट पडद्यावर नव्हे तर पडद्याच्या अगदीं लगत मागें टेंकावयाचें, ही गोष्ट पुस्तकाच्या दोन पानांनीं समजली नसती ती आम्हांस क्षणांत समजली. एका वृद्ध परदेशी शिक्षकानें तर आपला संपूर्ण पाठ केवळ उजव्या मनगटाच्या सैलपणावर खर्च केला आहे. मँडोलिनचा नाद लौकर विरतो. तो टिकवावयाचा तर नखी तारेवर भरभर खालींवर फिरवावी लागते, आणि मनगट ताठ असेल तर दोन मिनिटांत हात भरून येतो. त्या पाठाइतकें चांगलें गद्य आम्हीं अलीकडे पुष्कळ ग्रंथांत वाचलेलें नाहीं.

या गुणांचें मोल कळावें म्हणून थोडें मागें पाहिलें पाहिजे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांस विद्येसाठीं घर सोडून उत्तरेंत वणवण करावी लागली, तेव्हां ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि क्रमवार पुस्तकें छापून गाणें मध्यम वर्गाच्या दारांत आणलें. भातखंड्यांनीं तर घराण्यांच्या पेटाऱ्यांत कुलूप लावून ठेविलेल्या चिजा मिळवून आपल्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत, आणि त्याहि मराठींत, सर्वांपुढें मांडल्या. पुस्तकावरून कोठें गाणें येतें काय, अशी तेव्हां पुष्कळांनीं थट्टा केली. व्हिडिओ-पाठ हे या पुस्तकांचेच वारस आहेत. ज्यांस हे पाठ पाहतांच हसूं येतें त्यांनीं आपण कोणाच्या पंक्तीस बसतों आहों याचा विचार करावा. आमच्या शेजारीं आठवींत शिकणारी एक मुलगी आहे. आमच्या मागें उभी राहून ती पाठ पाहूं लागली, आणि आम्हांस ज्या चालीस तीन आठवडे लागले ती तिनें चार दिवसांत बसविली. तिच्यासाठीं पुण्याहून कोणी वादक येणार नव्हता. तिला जें दार उघडलें तें यानेंच.

परंतु दार उघडल्यावर आंत काय मांडलें आहे, हा टीकेचा खरा विषय आहे, आणि तेथें आमची निराशा झाली. पहिला दोष क्रमाचा. पलुसकरांच्या पुस्तकास पहिला भाग होता आणि त्यानंतर दुसरा. येथें पुढचा पाठ कोणता हें गुरु ठरवीत नाहीं, शिष्यहि ठरवीत नाहीं, यंत्र ठरवितें. आज आम्हीं सरळ अलंकार पाहिला तर उद्यां आमच्यापुढें आयर्लंडच्या नाचाची चाल येते, आणि परवां 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटांतील नायकाच्या हातचें मँडोलिन. हिंदी पाठांपैकीं बरेचसे याच चित्रपटाच्या चालीनें विद्यारंभ करितात. श्रीगणेशा गिरविण्यापूर्वीं सही करावयास शिकविण्यासारखें हें आहे. सही येते, अक्षर येत नाहीं.

दुसरा दोष आंकड्यांचा. चित्राखालीं तार कोणती आणि पडदा कितवा हें आंकड्यांनीं लिहिलेलें असतें. मोकळी तार म्हणजे शून्य, मग दोन, चार, पांच, पुढील तारेवर पुन्हा शून्य, दोन, चार, पांच, झालें सप्तक! बोटें फिरतात, पण आपण काय वाजविलें हें कळत नाहीं. मँडोलिनच्या तारा व्हायोलिनप्रमाणें एकमेकींच्या पंचमांत मिळविलेल्या असतात. म्हणून एका मोकळ्या तारेस षड्ज मानलें कीं तिच्यावर सा, रे, ग, म आणि शेजारच्या उंच तारेवर त्याच जागीं प, ध, नि, सां मिळतात. पूर्वांग आणि उत्तरांग यांचें जें नातें आमच्या शास्त्रकारांनीं सांगितलें तें या इटालियन वाद्याच्या मानेवर बोटानें चांचपतां येतें! कोठल्याहि नवशिक्यास या एका शोधानें आनंद झाला असता. आम्हीं पाहिलेल्या पाठांपैकीं एकानेंहि त्याचा उच्चार केला नाहीं. आंकडा बोट कोठें ठेवावें तें सांगतो; स्वराचें नांव त्याचें षड्जाशीं नातें सांगतें. भातखंड्यांच्या स्वरलिपींत आणि या आंकड्यांत हाच भेद आहे, आणि तो लहान नाहीं.

तिसरा दोष आम्हांस स्वतःस कळला नाहीं. तो आम्हांस दाखविणारे गृहस्थ गांवच्या भजनी मंडळांतील एक बुवा. कांद्याची शेती करितात, पेटी वाजवितात, आणि मँडोलिनला त्यांनीं जन्मांत हात लावलेला नव्हता. एका सोमवारीं बाजार उरकून ते ओटीवर टेंकले. सहा महिन्यांच्या अभ्यासाचा आम्हांस थोडा गर्व झाला होता; आम्हीं त्यांस एक चाल ऐकविली. बुवांनीं डोळे मिटून ऐकलें आणि म्हणाले, "सर, बोट लागलं की तुमच्या एका तारंत दोन माणसं भांडत्यात."

आम्ही चकित झालों. एका सुराच्या दोन तारांपैकीं एकीवर आमचें बोट अंमळ तिरकें पडून ती ओढली जात होती, आणि ती दुसरीहून किंचित् चढत होती. मोकळ्या तारा यंत्रावर बिनचूक मिळविलेल्या होत्या; बोट टेंकतांच त्या बिघडत होत्या. सहा महिने, दररोज तासभर, आम्हीं बेसूर वाजविण्याचा पक्का रियाज केला होता. शिवाय बुवा म्हणाले, "आन् अवघड जागा आली की तुम्ही थांबताय. टाळकरी काय थांबायचा न्हाई." तेंहि खरें होतें. पाठाबरोबर वाजवितांना आम्हांस तें कधींच जाणवलें नाहीं, कारण आपण गुरूच्या व्हिडिओबरोबर वाजवितों तेव्हां आपणांस त्याचेंच वादन ऐकूं येतें. त्याचा शुद्ध सूर आपल्या अशुद्ध सुरास झांकून टाकतो, त्याची लय आपल्या खळग्यांवरून पूल बांधते, आणि पाठ संपल्यावर तो म्हणतो, "शाबास, छान वाजविलेंत!" त्यानें काय ऐकलें? कांहींच नाहीं. मोबाइल बंद करून आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलों असतों तरी त्यानें शाबासकी दिलीच असती.

बुवांनीं दुरुस्ती केली ती आपल्या पद्धतीनें. बोट कसें धरावें हें त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं ती ओळ गाऊन दाखविली आणि म्हटलें, "असं म्हणाय लावा त्याला." आम्ही वाजवीत असूं, ते मान हलवीत असत, पुन्हा गात, पुन्हा मान हलवीत. चाळीस मिनिटांनीं मान थांबली.

हा प्रसंग केवळ खेड्यांतली गंमत म्हणून आम्हीं विसरलों असतों. पण याच वाद्याच्या इतिहासांत त्याचें मोठें प्रतिबिंब आहे. मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून जगभर कीर्ति मिळविलेले उ. श्रीनिवास (१९६९–२०१४) हे आंध्रांतील पालकोल्लु गांवचे. वडिलांचें मँडोलिन त्यांनीं लहानपणीं उचललें. त्यांचे गुरु रुद्रराजु सुब्बराजु हे चेंबै वैद्यनाथ भागवतर यांचे शिष्य, म्हणजे गायक. त्यांस मँडोलिन वाजवितां येत नव्हतें. ते गात आणि मुलगा तें वाद्यावर उमटवी. ज्या गुरूस वाद्य येत नाहीं पण कान आहे, त्याच्यापाशीं असा वादक घडला. आमच्या व्हिडिओ-गुरूपाशीं सर्व कांहीं आहे. एक कान तेवढा नाहीं.

याउलट उदाहरणहि आहे, आणि तें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) बालपणीं थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात. तबकडीलाहि कान नव्हता. पण तेहि पुढें मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे शिकावयास आले, आणि त्यांचें गाणें म्हणून आज जें आपण ओळखतों तें त्या नकलांत नव्हतें. तबकडीपासून जें घेतां येतें तें त्यांनीं इतरांहून अधिक घेतलें. त्यांच्या अंगच्या देणगीचा हिशेब आपण आपल्या नांवें मांडूं नये. बेल्ह्याजवळ आळे येथें, ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले त्या रेड्याची समाधि दाखवितात. त्या रेड्यास कोणीं शिकविलें नव्हतें, पण त्याच्या मस्तकावर कोणाचा हात होता तेंहि पाहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, आतां सूर दाखविणारीं यंत्रें मोबाइलवरच मिळतात, कांटा मध्यावर आला कीं झालें. कांटा एका सुराचें माप सांगतो, वाक्याचें सांगत नाहीं. आणि नवशिक्या बहुधा त्यास मोकळी तारच ऐकवितो. त्याहून उपयोगी उपाय आम्हांस असा सांपडला, कीं त्याच मोबाइलवर आपलें वादन उतरून घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ऐकावें. पहिल्या सकाळीं आमचा चहा निवला. पाठ तयार करणाऱ्यांपैकीं कोणी, "आतां माझा आवाज बंद करा, एकटे वाजवा, आणि स्वतःचें ऐका," एवढें एक वाक्य प्रत्येक पाठाच्या शेवटीं घातलें, तर आमचा निम्मा आक्षेप नाहींसा होईल. तूर्त त्या जागीं निराळीच मागणी असते. एकलव्याच्या गुरूची मूर्ति मातीची होती; तीहि ऐकत नव्हती, आणि शेवटीं खऱ्या गुरूनें येऊन अंगठा मागितला. आमचे गुरुजीहि दर पाठाच्या शेवटीं अंगठाच मागतात. फक्त तो पडद्यावरच्या चित्रावर दाबावयाचा असतो. नखी अंगठ्यानें धरावयाची असल्यामुळें आम्हांस ही सवलत मोलाची वाटली.

आमची रजा दोन महिन्यांत संपेल. पाठ आम्हीं सोडलेले नाहींत. मनगटासाठीं त्या वृद्ध परदेशी गृहस्थांकडे अजून जातों. परंतु सोमवारीं, बाजार उठल्यावर, बुवा येतात. ती मुलगीहि दप्तर टाकून येते. व्हायोलिन शिकविणारे एक वयस्क शिक्षक तालुक्यांत आहेत असें बुवांनीं कोठून तरी ऐकून आणलें आहे. तारांचें मिळविणें दोन्ही वाद्यांत एकच असल्यामुळें तिला त्यांच्याकडे न्यावें, असा विचार आहे. तिच्या वडिलांशीं बोलणें मात्र अजून व्हावयाचें आहे. आम्ही स्वतः दुसऱ्या तारेवरील धैवतापाशीं आहों, आणि तेथें दोन माणसें अद्याप अधूनमधून भांडतात.