भाराखालील विद्युद्दाबाची परीक्षा
संगणकाच्या पॉवर सप्लायची हिरवी तार काळ्या तारेस जोडून मल्टिमीटर लावण्याची जी रीत रूढ आहे, तिला परीक्षा म्हणणे धाडसाचे होय. बिनभार संच १२ व्होल्ट दाखवितो, यावरून तो सुरू होतो एवढेच सिद्ध होते. इंटेलने १९९५ साली पुरस्कारिलेल्या एटीएक्स मानकातील ५ टक्क्यांची दीर्घकाळ चालत आलेली अट, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्ट, सर्वांना मुखोद्गत असते. ती निरनिराळ्या भारमिश्रणांखाली पाळली जावी, हा तिचा उत्तरार्ध मात्र बहुधा विस्मृत होतो. ज्या संचात ५ व १२ व्होल्टच्या वाहिन्यांचे नियमन एकत्रच होते, तेथे ५ व्होल्टवर भार वाढविला असता ती वाहिनी खचते, आणि नियंत्रक तिला सावरू जाता अल्पभार १२ व्होल्टची वाहिनी वर चढते. दोहोंवर सारख्याच प्रमाणात भार घालणाऱ्या परीक्षकास हा दोष दिसणेच शक्य नाही. आणि बहुतेक परीक्षक, सोयीसाठी, तेच करतात. शिवाय मल्टिमीटरचा आकडा सरासरीचा. १२ व्होल्टवरील तरंग १२० मिलिव्होल्टची मर्यादा ओलांडून गेला तरी तो आकडा अविचलच राहतो. ऑसिलोस्कोप नसलेल्या प्रयोगशाळेने ‘संच निर्दोष’ असा शेरा देऊ नये. ‘सरासरी दाब मर्यादेत’ इतकेच लिहावे, व कोणत्या भाराखाली तेही नोंदवावे.