प्रमाण की पुरावा? कुष्ठरोगाच्या नकाशाचे वाचन

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला गुणोत्तर आणि पुरावा असे दोन्ही अर्थ आहेत. उर्दूत त्यांसाठी ‘तनासुब’ आणि ‘दलील’ हे वेगळे शब्द आहेत. आरोग्य-भूगोलाच्या लेखनात मात्र हे अर्थ नकळत एकत्र होतात आणि रुग्णांचे प्रमाण हाच कारणाचा पुरावा मानला जातो. प्रस्तुत टिपणात या दोषाची कुष्ठरोगाच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. तरीही जोनाथन हचिन्सन यांनी १९०६ च्या ग्रंथात खराब मासे खाण्याला दोष दिला. किनाऱ्यावरील रुग्ण हा त्यांना पुरावा वाटला. किनाऱ्यापासून दूर रुग्ण आढळले, तर तेथे खारवलेले मासे पोचतात, हे उत्तर तयार होते. कोणत्याही पुराव्याने खोटे न ठरणारे स्पष्टीकरण शास्त्रीय म्हणता येत नाही.

आजचा दोष अधिक सूक्ष्म आहे. भारतात २००२ मध्ये सुमारे ४.७ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, तर २००५ मध्ये सुमारे १.६ लाख. ज्या रोगाची लक्षणे दिसायला अनेक वर्षे लागतात, तो तीन वर्षांत इतका ओसरणे संभवत नाही. घटला तो मुख्यतः शोध.

डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. दादरा-नगर हवेली मात्र त्यानंतरही अनेक वर्षे या मर्यादेच्या वर राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,४३,७०९, म्हणजे ही मर्यादा जेमतेम ३४ रुग्णांची. येथे २०१५ पासून रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींना तपासून रिफॅम्पिसिनचा एक डोस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. जेथे तपासणी अधिक, तेथे नोंदही अधिक. म्हणून केवळ आकड्यावरून ‘हा आदिवासींचा रोग’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आणि अन्यायकारक आहे.

याचा अर्थ येथे रोग कमी आहे, असाही नाही. त्यासाठी दुसरे पुरावे तपासावे लागतात. नव्या रुग्णांत मुले अधिक असतील, तर संसर्ग अलीकडचा आहे; दृश्य विकृती असलेले अधिक असतील, तर निदान उशिरा होत आहे.

खडोलीतील एखादा विद्यार्थी अंगावरील बधिर चट्टा दाखवायला पुढे येतो की लपवतो, हे आपण वर्गात हा नकाशा कसा वाचतो यावरही अवलंबून आहे. तेव्हा ‘रुग्ण किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणी, कसे शोधले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपण शिक्षकांनी लावली पाहिजे.