‘कमी वीज’ म्हणजे नक्की किती? क्यूसीए सर्किटांच्या दाव्यांकडे पाहताना

आजचा विषय आहे क्वांटम-डॉट सेल्युलर ऑटोमेटा, म्हणजे क्यूसीए. त्याबद्दल आम्ही आज थोडं टीकेच्या अंगाने बोलणार आहोत. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एम.टेक.च्या प्रकल्पासाठी हा विषय बरेच जण घेतात. कारण उघड आहे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही, सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि शेवटी एखादा शोधनिबंधही निघतो. पण त्या निबंधाच्या मथळ्यातच ‘लो-पॉवर’ हा शब्द असतो. तो शब्द टिकतो का, हे बघायलाच हवं. विद्यार्थ्याचं वर्षभराचं काम त्यावर उभं असतं.

आधी मूळ कल्पना बघू. १९९३ साली अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात क्रेग लेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. एक चौकोनी सेल घ्या. चार कोपऱ्यांत चार क्वांटम डॉट आणि त्यांत दोन जादा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणजे कर्णावर जाऊन बसतात. कर्ण दोन, म्हणून स्थिती दोन. एकीला ० म्हणा, दुसरीला १. शेजारी दुसरा सेल ठेवला की तोही पहिल्यासारखाच बसतो. अशा सेलांची रांग लावली की झाली तार! पण या तारेतून करंट वाहत नाही. पुढे सरकते ती फक्त स्थिती.

गेटही तितकंच सुटसुटीत आहे. मधल्या सेलच्या तीन बाजूंना तीन इनपुट, चौथ्या बाजूला आउटपुट. मधला सेल बहुमताचं ऐकतो. एक इनपुट कायमचा ० केला तर तेच अँड गेट, १ केला तर ऑर गेट. फुल अ‍ॅडर तीन बहुमत गेट आणि दोन इन्व्हर्टर एवढ्यात बसतो, आणि त्यातला कॅरी तर एकाच गेटमधून मिळतो. सीमॉसमधल्या नेहमीच्या फुल अ‍ॅडरला २८ ट्रान्झिस्टर लागतात. तर्काच्या दृष्टीने ही रचना सुंदर आहे, यात आम्हाला शंका नाही. ती नुसती कागदावरही राहिली नाही. नोटर डेममध्येच १९९७ साली अ‍ॅल्युमिनियमचा सेल आणि १९९९ साली बहुमत गेट प्रत्यक्ष चालवून दाखवलं गेलं. मात्र एका केल्विनपेक्षा बऱ्याच खालच्या तापमानाला.

आमची टीका या तापमानापासूनच सुरू होते.

बहुतेक डिझाइन निबंध क्यूसीए-डिझायनर या सॉफ्टवेअरवर होतात. त्यातला नेहमीचा सेल १८ नॅनोमीटरचा. दोन शेजारी सेल उलट स्थितीत बसवायला किती जास्त ऊर्जा लागते, हे साध्या कुलोमच्या नियमाने काढता येतं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये उत्तर येतं सुमारे दीड मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेची हालचाल, म्हणजे केटी, असते सुमारे २६ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. शेजाऱ्याच्या धाकापेक्षा उष्णतेचा धक्का सतरा पट मोठा! तिथे ० आणि १ टिकणारच नाहीत. म्हणून हे सर्किट काही केल्विनांवरच चालवावं लागेल. क्यूसीए-प्रो वापरून वीज मोजणाऱ्या निबंधांत २ केल्विन हे तापमान नेहमी दिसतं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत.

आता हिशेब करू. २ केल्विनला निर्माण झालेली १ ज्यूल उष्णता ३०० केल्विनच्या खोलीत आणून टाकायला, आदर्श यंत्र असलं तरी, १४९ ज्यूल खर्च येतो. खरं यंत्र याहून कितीतरी जास्त खातं. म्हणजे निबंधातला आकडा किमान दीडशेने गुणायचा, आणि मगच त्याची सीमॉसशी तुलना करायची. तुम्ही म्हणाल, थंड केल्यावर लँडॉअरची मर्यादाही खाली येते ना? येते. एक बिट पुसायला ३०० केल्विनला किमान १८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि २ केल्विनला त्याच्या दीडशेव्या भागाइतके. पण फ्रीजचं बिल मिळवलं की पुन्हा तिथेच येऊन पोचतो. थंडाव्याने वाचवलेलं सगळं फ्रीज परत मागून घेतो.

दुसरी गोष्ट क्लॉकची. क्यूसीएमध्ये चार क्लॉक झोन असतात. डॉटमधले अडथळे वर-खाली करून माहिती पुढे ढकलायचं काम क्लॉकचं. त्यासाठी सेलांखाली धातूच्या तारा हव्यात, आणि त्या सतत चार्ज-डिस्चार्ज होणार. करंट सेलमधून गेला, पण तारांमध्ये परत आला. अनेक निबंधांत सेल मोजलेले असतात, क्षेत्रफळ मोजलेलं असतं, या तारांची वीज मात्र कुठेच नसते. मग ‘आमचे सेल ५२ वरून ४८ वर आले’ याला विजेची बचत कसं म्हणायचं?

याचा अर्थ हा विषय सोडून द्या, असा नाही. सेल जितका लहान, तितकी ती दीड मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टची किंमत वाढते. आकार विसाव्या भागावर आणला तर ती विसेक पट होईल. म्हणूनच रेणूंचे सेल, सिलिकॉनवरचे एकेका अणूचे डॉट याकडे अभ्यासक वळले. २०१८ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाने अशा अणू-डॉटांचं ऑर गेट दाखवलं. २००६ मध्ये नॅनोचुंबकांचं बहुमत गेट तर खोलीच्या तापमानालाच चाललं. हे खरे रस्ते आहेत. १८ नॅनोमीटरच्या चौकोनांची नवी मांडणी करत बसणं हा रस्ता नव्हे.

तेव्हा प्रकल्प घेणार असाल तर एवढं करा. तापमान पहिल्याच पानावर लिहा. क्लॉकच्या तारांचा अंदाज द्या. थंड ठेवण्याचा खर्च मिळवूनच सीमॉसशी तुलना करा. आकडा वाईट आला तरी छापा. आमच्या मते सेलांची संख्या चारने कमी करण्यापेक्षा तो वाईट आकडा पुढच्याला जास्त उपयोगी पडेल.

आता प्रश्न विचारा.