सिंहगडाचा पोवाडा

मराठी शाहिरी वाङ्मयातील एक प्रसिद्ध पोवाडा. कर्ता शाहीर तुळशीदास. तानाजी मालुसरे याने ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा घेताना केलेला पराक्रम व त्याचा मृत्यू हा याचा विषय. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहात (१८९१) तो समाविष्ट असून अ‍ॅक्वर्थने त्याचे इंग्रजी रूपांतरही केले (१८९४). उपलब्ध पाठाची भाषा पाहता त्यात उत्तरकालीन भर बरीच असावी.

पोवाड्याचे खरे कथाबीज लढाईत नसून सोंगट्यांच्या डावात आहे. जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, शिवाजी महाराजांना बोलावून घेतात आणि पट मांडतात. डाव त्या जिंकतात. महाराज हवा तो गड देऊ करतात. त्या मात्र शत्रूच्या ताब्यातील नेमका तोच गड मागतात आणि न दिल्यास राज्य शापाने जाळण्याचा धाक घालतात. काय मागितले जाईल याचा विचार न करता दिलेला शब्द दशरथाच्या वराची, तर पट धर्मराजाच्या द्यूताची आठवण करून देतो, आणि शाहिराच्या श्रोत्यांना दोन्ही कथा परिचित होत्या.

उदयभान हा वस्तुतः मोगलांच्या चाकरीतील रजपूत किल्लेदार. शाहीर त्याला राक्षसाच्या मापाने रंगवितो : अचाट आहार, चंद्रावळ हत्ती, सिद्दी हिलालासारखा साथीदार, बारा मुलगे. अशा गडावर गेलेला परतत नाही, हे महाराजांसह सर्वांना ठाऊक असते. सैतानाशी केलेल्या कराराची फाउस्टकथा (प्रथम मुद्रित १५८७) येथे सहज आठवते; परंतु साम्य मर्यादित आहे. फाउस्ट चोवीस वर्षांच्या सुखासाठी स्वतःचा आत्मा गहाण टाकतो व मुदत भरताच स्वतःच किंमत देतो. तुळशीदासाच्या रचनेत पण हरतो एक, जिंकतो दुसरा आणि प्राण देतो तिसराच. तो तिसरा त्या वेळी पटापासून दूर उमरठ येथे (ता. पोलादपूर, जि. रायगड) मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी करीत असतो. पोवाड्यातील सर्वांत भेदक जागा हीच. आमंत्रण करावयाचे त्याच महाराजांकडून मोहिमेचा हुकूम येतो. तानाजी रागावतोही, जिजाबाई त्याला ओवाळून पुत्र मानतात, तेव्हा तो राग विरतो. ही आरती मायेची की सौद्याची, हे शाहीर सांगत नाही. वृद्ध शेलारमामांचा इशारा आणि कड्यावरून मागे फिरलेल्या घोरपडीचा अपशकुन, दोन्ही तानाजी धुडकावतो. येथपासून अविचार त्याचाही होतो.

सभासद बखरीत (१६९७) यातले काहीच नाही. तेथे सोंगट्या नाहीत व लग्नही नाही. तानाजी आपण होऊन गड घेण्याचे कबूल करतो आणि निवडक पाचशे माणसांनिशी जातो. पोवाड्यात हा आकडा बारा हजारांवर जातो. मोहिमेचे राजकीय कारणही उघड आहे. पुरंदरच्या तहात (१६६५) दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कोंढाणा होता व तो परत मिळविणे क्रमप्राप्त होते. इतिहास म्हणून पोवाडा विश्वसनीय ठरत नाही. पण बखरीतील स्वेच्छेचा पराक्रम शाहिराने लादलेल्या ऋणाची फेड केला, आणि त्यामुळेच कथेला शोकात्म वजन आले. पराक्रमाइतकाच त्याचा खर्चही मोजणारी अशी रचना जुन्या शाहिरीत विरळाच. मध्यंतरीची युद्धवर्णने मात्र पुष्कळशी साचेबंद आहेत. अंकगणितावर शाहिराचा भर जरा अधिकच दिसतो.

ह. ना. आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला (१९०३) या कादंबरीत कमलकुमारीचे उपकथानक आले व उदयभानाच्या दुष्टपणाला स्वतंत्र कारण मिळाले. बाबूराव पेंटर यांच्या सिंहगड (१९२३) या मूकपटाला याच कादंबरीचा आधार होता. या वाटेने कथेतील दोष एकट्या खलनायकाकडे सरकला, पटाचा प्रश्न मागे पडला.

पोवाड्याच्या अखेरीस महाराज स्वतः रायबाचे लग्न लावतात. तानाजीचे शव मढे घाटातून कोकणात उतरविले, अशी लोकपरंपरा आहे. त्याची समाधी उमरठ येथे आहे.