दुसऱ्या प्रयोगाची सोय

नव्या नाटककाराला हात द्यायचा, असे मराठीत कोणी म्हटले की तीन गोष्टी पुढे येतात : स्पर्धा, कार्यशाळा आणि पुरस्कार. तिन्ही उपयोगाच्या आहेत आणि तिन्हींनी लेखक दिले आहेत. पण या तिन्हींचा हात पहिल्या प्रयोगापर्यंतच पोचतो. पडदा पडतो, परीक्षक निकाल वाचतात, मंडळी फोटो काढतात आणि नाटककार संहिता पिशवीत घालून घरी जातो. त्याचे खरे शिक्षण तिथून सुरू व्हायला हवे असते. दुसरा अंक कुठे रेंगाळला, कोणत्या वाक्याला हशा अपेक्षित असताना शांतता मिळाली, कोणते पात्र नटाला सापडलेच नाही, हे पहिल्या प्रयोगात नुसते जाणवते. ते दुरुस्त करायला दुसरा, पाचवा, विसावा प्रयोग लागतो. कवीला आणि कथाकाराला ही अडचण नाही, त्यांचे खोडणे-लिहिणे कागदावरच होते. नाटककाराचा निम्मा कागद प्रेक्षकांत असतो.

अशा लागोपाठ प्रयोगांच्या सोयीला जुना शब्द आहे, हंगाम. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवहारात हा शब्द आता फारसा उरलेला नाही. तिथे तारखा असतात आणि शनिवार-रविवार असतात. शेतीच्या अर्थाने हंगाम पाळणारी मोठी मराठी रंगभूमी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे : झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला हा धानाचा आणि दाट जंगलाचा मुलूख. रायपुरातून तो मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. तेलीबांध्याच्या तळ्याला लागून जाणारा जी. ई. रोड पश्चिमेला धरला की दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली; साकोलीहून दक्षिणेला वळले की लाखांदूरवरून वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजे देसाईगंज. या नाट्यव्यवहाराचे ठाणे तेच. तरीही रायपूरच्या मराठी माणसाला नाटक म्हटले की पुण्याचे नाव आठवते, वडशाचे नाही.

झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि होळीच्या सुमारास मिटतो. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो आणि गावोगावी मंडई भरते. हीच मंडई छत्तीसगडात मड़ई म्हणून भरते, काळही तोच. गावातले मंडळ वडशाला जाते, कंपनीचे कार्यालय गाठते, नाटक ठरवते, तारीख घेते. प्रयोग तिकिटावर होतो, रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. घरोघरी पाहुणे आलेले असतात. सोयरिकी जुळण्याच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. नाटक हा गावाच्या वार्षिक जमाखर्चातला एक रकाना आहे. महाराष्ट्रात अन्यत्र ज्याला 'प्रेक्षक तयार करणे' म्हणतात, ते काम इथे पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहे.

नव्या लेखकाच्या दृष्टीने या व्यवस्थेची किंमत मोठी आहे. कंपनीने त्याचे नाटक हंगामासाठी घेतले, तर ते रोज नव्या गावी, नव्या लोकांसमोर उभे राहते. कुठला प्रसंग चालला आणि कुठला पडला, हे त्याला समीक्षकाची वाट न पाहता कळते. आज बदललेला प्रवेश उद्या तपासता येतो. अशी प्रयोगशाळा पुण्यातल्या कोणत्याही होतकरू नाटककाराला पैसे मोजूनही मिळणार नाही.

झाडीपट्टीतल्या नाटकांची नावे पाहावीत. सदानंद बोरकर हे नवरगावचे लेखक-दिग्दर्शक. त्यांच्या गाजलेल्या नाटकाचे नाव आहे 'माझं कुंकू मीच पुसलं'. हे नाव एक पूर्ण वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे आणि 'मीच'मधल्या एका 'च'वर अख्खे नाट्य तोललेले आहे. कुंकू पुसले जाणे ही बाईवर कोसळणारी गोष्ट; इथे ती ते स्वतः करते. भिंतीवरची जाहिरात वाचणाऱ्याला नाटकाचा पेच तिथल्या तिथे कळतो आणि 'का?' हा प्रश्न घेऊन तो तिकीट काढतो. शहरी समीक्षा असल्या नावांना भडक म्हणून बाजूला सारते. मला त्यांत प्रेक्षकाशी केलेला स्वच्छ करार दिसतो. याच बोरकरांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर 'आत्महत्या' हे नाटक केले. विदर्भात या विषयावर शब्द काढणे सोपे नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी तो विषय असतोच. शहरात हे नाटक प्रश्नाची माहिती देणारे ठरेल. धान विकून आलेल्या माणसांसमोर ते त्यांच्याच घरात शिरते. तिकीटबारीवर चालणारी रंगभूमी गंभीर विषय पेलू शकत नाही, हे गृहीतक इथे मोडते.

पण झाडीपट्टीचे कौतुक करून थांबणे लबाडीचे होईल. या व्यवस्थेतले धोके नव्या लेखकावरच आधी कोसळतात. सगळा डोलारा धानावर उभा आहे. पीक बुडाले, भाव पडला की मंडळे हात आखडतात आणि कंपन्या जोखीम टाळतात. मग चाललेलेच नाटक पुन्हा चालते, जुन्या कथेला नवे नाव मिळते, कथानकाशी संबंध नसलेले नाच घुसतात. २०२०च्या हंगामाला करोनाने टाळे लावले, तेव्हा या रंगभूमीच्या मागे कोणताही राखीव निधी नाही हे उघड झाले. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचे नाव देशभर वाचले गेले. तो मान योग्यच होता. पण पद्मश्री उभी हयात रंगभूमीवर घालवलेल्या माणसाला मिळते. तिसरे नाटक लिहिणाऱ्या तिशीतल्या पोराला तिचा उपयोग नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. बहुतेक संहिता हस्तलिखितातच राहतात. नाटक शंभर गावांत पोचते, पण ग्रंथालयात, अभ्यासक्रमात किंवा अनुवादकाच्या टेबलावर पोचत नाही. त्यावर कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखकाला टाळ्या मिळतात, पण वाचक मिळत नाही. टाळ्या काय चालले ते सांगतात. काय व्हायला हवे होते, हे सांगायला वाचक लागतो. झाडीबोलीचीही अशीच कुचंबणा. नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि बोली येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. दुःख झाडीबोलीत बोलता येते, हे दाखवून देणाऱ्या लेखकाला पाठबळ देईल असा संपादक त्या व्यवस्थेत नाही.

शहरी बाजूचा हिशेब नेमका उलटा आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे. तिने जिल्ह्याजिल्ह्यांत नाटक जिवंत ठेवले, पण तिची रचना पाहा : केंद्रावर प्राथमिक फेरीचा एक प्रयोग आणि निवड झाली तर अंतिम फेरीचा आणखी एक. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून महाविद्यालयीन मुलांना एकांकिका लिहायला लावतो. तिथेही प्राथमिक आणि अंतिम एवढाच प्रवास. स्पर्धेसाठी लिहिताना लेखक नकळत परीक्षकासाठी लिहू लागतो. त्याचे नाटक पहिल्याच रात्री पूर्ण पिकलेले असावे लागते, चुकायला जागा उरत नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना चालवली. तिला फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते. नाटककार आणि गावोगावच्या संस्था या दोहोंकडे एकाच वेळी पाहिले, हे त्या आखणीचे शहाणपण, कारण संस्थेशिवाय नाटककार म्हणजे विहिरीशिवाय मोट. मात्र बाहेरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या योजनेला शेवटची तारीख असते.

या दोन जगांच्या मधून वाट काढणारा लेखक म्हणजे प्रेमानंद गज्वी. चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेला हा नाटककार मुंबईत लिहू लागला. 'घोटभर पाणी' ही त्यांची एकांकिका अस्पृश्यतेचा प्रश्न पाण्याच्या एका घोटावर आणून ठेवते. पात्रे फक्त दोन. नेपथ्य जवळजवळ नाही, त्यामुळे ती कुठेही उभी राहते : शाळेच्या ओट्यावर, वस्तीत, स्पर्धेच्या रंगमंचावर. तिचे हजारो प्रयोग झाले आणि अनेक भाषांत अनुवाद झाले. ती गाजली याचे श्रेय विषयाइतकेच या हलक्याफुलक्या बांधणीला आहे, कारण दुसऱ्या प्रयोगाची सोय लेखकाने संहितेतच करून ठेवली होती. पुढे गज्वींनी बोधी नाट्य परिषदेच्या माध्यमातून नव्या लेखकांसाठी नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. २०१९मध्ये नागपूरला भरलेल्या नव्व्याण्णवाव्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

कार्यशाळा आणि हंगाम एकत्र आले तर काय घडते, याचे उत्तर रायपूरकरांनी पाहिलेले आहे. इथेच जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी १९७३मध्ये रायपुरात नाचाची कार्यशाळा घेतली. नाचा म्हणजे छत्तीसगडचे रात्रभर चालणारे लोकनाट्य. झाडीपट्टीच्या दंडारीशी त्याचे नाते लांबचे नाही. नाचातली तीन जुनी प्रहसने एकमेकांत गुंफून त्या कार्यशाळेतून 'गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक उभे राहिले. पुढे 'चरणदास चोर' आले आणि १९८२मध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात पारितोषिक मिळवून गेले. कार्यशाळा संपल्यावर प्रमाणपत्रे वाटून मंडळी पांगली नाहीत, हा त्यातला धडा. १९५९मध्ये स्थापन झालेली 'नया थिएटर' ही नाटकमंडळी मागे होती आणि ती नाटके वर्षानुवर्षे फिरवत राहिली. 'चरणदास चोर'चे बीज विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेतले. ते छत्तीसगडी नटांच्या तोंडी रुजले आणि सतनामी परंपरेतली गाणी घेऊन वाढले. भाषांतर हे इथे नाटकाच्या घडणीचाच भाग झाले आहे.

म्हणून आमच्यासारख्या अनुवादकांचा आणि अशा नियतकालिकांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका आधी 'सत्यकथे'त छापून आली. ती विजया मेहतांच्या वाचनात आली आणि 'रंगायन'ने एलकुंचवारांच्या सुरुवातीच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. नागपूरच्या अनोळखी लेखकाला मुंबईचा रंगमंच मिळाला, तो छापील पानातून. दुसरे उदाहरण बिलासपुरात जन्मलेल्या सत्यदेव दुब्यांचे. बंगालीतले बादल सरकार आणि कन्नडमधले गिरीश कार्नाड यांची नाटके त्यांनी मुंबईत हिंदीतून उभी केली, तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर १९७१मध्ये मराठी चित्रपट केला. एका भाषेतल्या नव्या नाटकाचा दुसरा प्रयोग दुसऱ्या भाषेत लावणे, हेच त्यांचे काम होते. नाटककाराला आधार देण्याच्या चर्चेत अनुवादाचे नाव अखेरीस येते. ते आधी यायला हवे.

रायपूरला हे अवघड नाही. या शहरात इप्टा मुक्तिबोधांच्या नावाने नाट्यसमारोह भरवते. घरात मराठी बोलणारा, हिंदीत लिहिणारा आणि राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवणारा हा कवी. त्याचा धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत होता. ज्या गावाच्या वाङ्मयात हे घर आहे, तिथे दोन भाषांच्या मध्ये नाटक का अडावे? चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आहे, नाटक पाहणारी मराठी कुटुंबे आहेत, आणि साकोली-वडशाचा रस्ता रात्रभराचाही नाही. दिवाळीपूर्वी वडशाहून एक नवी संहिता मागवावी आणि लेखकासमोर तिचे वाचन करावे. हंगामात ती कंपनीकडे फिरू द्यावी. होळीनंतर, गावोगावच्या प्रयोगांनी बदललेली संहिता पुन्हा मागवावी आणि दोन्हींतला फरक लेखकाशी बोलावा. मग ती छापावी आणि छत्तीसगडी किंवा हिंदीत आणावी. वर्षाला एक नाटक. यासाठी परदेशी निधी लागत नाही. लागतो तो टपालखर्च, दोन संध्याकाळी आणि एक हट्टी संपादक.

याचा फायदा एकतर्फी नाही. झाडीपट्टीच्या लेखकाला वाचक मिळेल, आणि आपल्या समीक्षेला असे नाटक मिळेल, ज्याचे पात्र कोणत्या गावात का बदलले हे लेखक सांगू शकतो. नाहीतर यंदाही वडशाच्या कार्यालयांत तारखा लागतील, धान कापले जाईल, रात्री रंगतील आणि होळीला वह्या पेटीत जातील. त्या वह्यांत एखादा चांगला नाटककार असेल, तर त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी विचारणार नाही.